डब्यावरील तेरा आंकडे

मेतकूट आणि उपासाची भाजणी इंटरनेटवरून विकावयाची असें ठरल्यावर आम्हां जावांपुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो चवीचा नव्हे, आंकड्यांचा. विक्रीच्या संकेतस्थळास प्रत्येक डब्याचा बारकोड हवा होता.

बारकोड म्हणजे मालाचें पाळण्यांतलें नांव. २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेंत ओहायोमधील ट्रॉय गांवच्या दुकानांत चुइंगगमच्या पुडक्यावरील अशा रेघा यंत्रानें प्रथम वाचल्या. आपल्याकडे हे आंकडे 'जीएस-वन इंडिया' ही संस्था देते. त्यांचा आरंभ ८९० नें होतो. मात्र त्यावरून माल भारतांत झाला असें ठरत नाहीं. आंकडा भारतांत घेतला, एवढेंच कळतें. तेरावा आंकडा आधींच्या बारांवरून गणितानें निघतो. पाव किलो आणि अर्धा किलो यांस निरनिराळे आंकडे लागतात.

याहून पुष्कळ स्वस्त आंकडे सुटे विकणारेही आहेत. भांडवल तुटपुंजें, तेव्हां तेच घ्यावे असें घरांत एक मत पडलें. परंतु असले आंकडे पुष्कळदां भलत्याच कंपनीच्या नांवें नोंदलेले असतात. अमेझॉनसारख्या बाजारपेठा ती नोंद ताडून पाहतात. नांव न जुळल्यास माल यादींतून निघूं शकतो. शिवाय सासूबाईंच्या हातची भाजणी परक्याच्या नांवावर चढावी, हें आम्हांस रुचेना. वर्गणी मुदतीनें पुन्हां भरावी लागते, तरी आम्ही रीतसर नोंदणीच केली.

गृहोद्योग करूं इच्छिणाऱ्या भगिनींनीं आंकड्याची किंमत अवश्य विचारावी. पण त्याआधीं नोंदवहींत नांव कोणाचें लागेल, हें विचारावें.