‘क’पासून ‘ह’पर्यंत

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दांत केवढा आत्मविश्वास भरलेला असतो! ‘अथपासून इतिपर्यंत’ असें म्हणणारा मनुष्य मधलें सारें आपल्याला ठाऊक आहे असेंच धरून चालतो. संगणकाला अक्षरें ओळखावयास शिकविणारी मंडळीही या मोहांतून सुटलेली नाहीं. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नांवाची त्यांची एक सूत्रभाषा आहे. तींत चौकोनी कंसांत दोन अक्षरें लिहून मध्यें आडवी रेघ दिली, कीं त्या दोहोंमधील यच्चयावत् अक्षरें एका दमांत पकडलीं जातात.

युक्ति मोठी सुटसुटीत खरी. पण संगणकाला वर्णमाला कोठून ठाऊक असणार? त्याच्यापाशीं असतात ते केवळ अक्षरांचे क्रमांक. इंग्रजींतील मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, मोठ्या ‘झेड’चा ९०, आणि धाकटा ‘ए’ उभा राहतो तो एकदम ९७ वर. मोठ्या ‘ए’पासून धाकट्या ‘झेड’पर्यंत जाळें टाकणाऱ्याच्या हातीं म्हणूनच मधल्या सहा जागांवरचीं कंस, तिरपी रेघ असलीं चिन्हेंही लागतात.

देवनागरीची मौज याहून निराळी. युनिकोडनें तिला १२८ खोल्यांची एक चाळच बांधून दिली आहे. ‘क’पासून ‘ह’पर्यंत व्यंजनें ओळीनें राहतात, स्वर त्यांच्या अलीकडे, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीं बिऱ्हाडें पलीकडे. शाळेंत ‘ह’नंतर भेटणारा आपला ‘ळ’ येथें ‘ल’च्या शेजारीं आहे; कारण १९८८ सालच्या भारतीय मानकानें अनेक लिप्यांना एकच क्रम लावून दिला आणि युनिकोडनें तोच उचलला. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर स्वतःची खोलीच नाहीं!

आतां एखाद्या अर्जाच्या दाराशीं ‘नांवांत क ते ह हींच अक्षरें चालतील’ असा पहारा बसविला तर काय होईल? कमल आणि मदन सुखानें आंत जातील. सीता, गोविंद, उमा मात्र बाहेरच तिष्ठत राहतील. बारशापासून जें नांव आपलें, तें नांवच नव्हे असें यंत्रानें सांगावें, आणि तेंही कोणाच्या वैरामुळें नव्हे, तर ‘मधें सारें आलेंच’ या सोयीच्या समजुतीमुळें, याचें मला राहून राहून वाईट वाटतें.

जाणते लोक म्हणून सीमा सांगतच नाहींत. ‘देवनागरी लिपींतील कोणतेंही चिन्ह’ असें ते म्हणतात, आणि अलीकडचीं बहुतेक यंत्रें तें समजतात. मनुष्यांची गणना करतांनाही आपण एवढें केलें तर? रेघ ओढण्यापूर्वीं तिच्या पलीकडे कोणाचें बिऱ्हाड आहे, तें एकवार पाहून यावें.