राख कुठे ठेवायची?

ईदनंतर खालाजानच्या भेटीला आम्ही गोंदियाला गेलो. धानाचा आणि विडीचा हा मुलूख. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तिरोड्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि दुरून दिसू लागल्या त्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट. एवढ्या विजेसाठी कोळसा जळतो तो डोंगरासारखा. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. काही विटांत, सिमेंटात जाते, बाकीची साठवावी लागते.

गाडीतला भाचा म्हणाला, “अणुवीज आली तर धूरही नाही आणि ही राखही नाही.”

खालाजानने सहज विचारलं, “मग तिची राख कुठे ठेवतात?”

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला लगेच देता आलं नाही.

दोन दिवसांनी एका लग्नासाठी आम्ही गोंदियाहून जबलपूरची गाडी धरली. बालाघाट, नैनपूर, घनसौर करत ती सातपुड्याच्या जंगलातून जाते. याच मुलखात, रेल्वेपासून आत, मंडला जिल्ह्यात नर्मदेवरच्या बर्गी जलाशयाकाठी चुटका हे गाव आहे. तिथे ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या उभारायचं ठरलं आहे. बर्गी धरणाने १६२ गावांना झळ पोहोचली होती. त्यातल्या अनेकांना, बहुतेक गोंड आदिवासींना, आता दुसऱ्यांदा उठावं लागेल अशी भीती आहे. विरोधामुळे २०१३ साली जनसुनावणी दोनदा पुढे ढकलावी लागली. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी ती मोठ्या पोलीस बंदोबस्तात झाली.

सरकारची बाजूही खोटी नाही. देशाला वीज हवी, आणि अणुभट्टी कोळशासारखा धूर सोडत नाही. आपल्या महाराष्ट्रातलं तारापूर १९६९ पासून वीज देत आलं आहे.

पण खालाजानचा प्रश्न उरतोच. अणुभट्टीतून काढलेलं इंधन दिसायला थोडं, पण विलक्षण गरम आणि किरणोत्सारी असतं. आधी काही वर्षं ते पाण्याच्या खोल टाक्यात ठेवतात. नंतर आपल्या देशाच्या धोरणाप्रमाणे त्यावर प्रक्रिया करून कामाचं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. उरलेला अतिघातक कचरा काचेत ओतून घट्ट बंद करतात. तारापूरला हे काम चालतं. त्या प्लुटोनियमची ताकद निम्मी व्हायला सुमारे २४,००० वर्षं लागतात. २०११ साली जपानच्या फुकुशिमात वीज गेली, पंप थांबले, तेव्हा टाक्यातलं पाणी आटलं तर काय, या धास्तीने जग जागं राहिलं. फिनलंडने अशा इंधनासाठी चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खोदले आहेत. आपल्याकडे कायमची अशी जागा अजून नाही.

ही वस्तू आपण वापरून संपवत नाही, नातवंडा-पतवंडांच्या हाती अमानत म्हणून सोपवतो. मग ती कशी सांभाळायची, हे ठरवताना ज्यांच्या दारात ती येणार, त्यांना त्यांच्या भाषेत सगळं सांगायला हवं. त्यांच्या शंका बंदोबस्ताशिवाय ऐकायला हव्यात.

परतताना पुन्हा गोंदियात मुक्काम केला. तारापूरचं टाकं, काच, ते हजारो वर्षांचे आकडे, सगळं खालाजानला सांगितलं. ती संध्याकाळच्या चुलीतली राख घमेल्यात काढत होती. ती बाहेर न टाकता तिने घमेलं कोपऱ्यात झाकून ठेवलं. शेजारी तणसाची गंजी होती.

“आत निखारा असतो,” ती म्हणाली. “विझल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात टाकायची नाही.”