पाण्यावरचे झाकण

बीड शहरातील त्या घरात पाणी उघडे ठेवण्याची रीत कधीच नव्हती. माठावर दुहेरी फडके, घागरीवर ताटली, मोरीतल्या बादलीवर फळी. पाणी गाळून घ्यावे आणि गाळलेले झाकून ठेवावे, हा नेम आजींनी सासरी आल्या दिवसापासून पाळला होता. उघड्या पाण्यात एखादे चिलट पडून मेले, तरी तो आपल्याच हलगर्जीपणाचा दोष, असे त्या मानीत. अशा घराच्या बैठकीत एक उघडे पाणी येऊन बसले होते आणि कितीतरी दिवस ते कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

ते पाणी नातवाच्या फिश टँकमधले. दहाव्या वाढदिवसाला मामाने हौसेने दिलेली काचेची टाकी; दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत सुमारे ७० लिटर पाणी, निळ्या गुरामींची जोडी आणि सहा पट्टेरी झेब्रा डॅनिओ. वरची बाजू मोकळी. टाकी आली त्या दिवशी आजोबांच्या मनाला ते रुचले नव्हते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिलाच ‘बंध’, म्हणजे जीवाला कोंडून ठेवणे. कोठडी काचेची असली तरी कोठडीच. पण नातवाचा उजळलेला चेहरा पाहून ते गप्प राहिले.

चातुर्मास नुकताच सुरू झाला होता. पहाटे सामायिकासाठी आसन घालायला आजी बैठकीत आल्या आणि त्यांना फरशीवर वाळक्या पानासारखे काहीतरी दिसले. तो डॅनिओ होता. रात्री केव्हातरी त्याने उडी घेतली असावी. घरातली सगळी माणसे दोन खोल्यांपलीकडे गाढ झोपेत होती, आणि हातभर अंतरावरच्या पाण्यासाठी तो जीव तडफडून गेला होता.

नातू रडला. आजोबा हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाले आणि बराच वेळ त्याच खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, “बाळा, यात तुझ्याहून माझा दोष मोठा. मला कळत होते आणि मी बोललो नाही. कोंडले आपण, निदान राखण तरी करायला हवी होती.”

उरलेले मासे बिंदुसरेत सोडून द्यावेत, असे प्रथम सर्वांना वाटले. पण गुरामी हा आग्नेय आशियातील मासा. परमुलखातील मासे इथल्या पाण्यात सोडले, तर ते तगले तरी स्थानिक माशांच्या अन्नावर व पिलांवर घाला पडू शकतो, आणि न तगले तर आपण त्यांना मरणालाच सोडलेले असते. दुकानदाराला परत द्यावेत, तर तो ते दुसऱ्याला विकणार. एका चुकीतून सुटण्यासाठी दुसरी चूक करायची नाही, असे आजोबांनी ठरवले. नवा मासा आणायचा नाही. आहेत ते आयुष्य पुरे होईपर्यंत सांभाळायचे. आणि टाकीला झाकण करायचे.

हे काम वाटले तितके सोपे नव्हते. आजींनी आधी माठावरचे फडकेच टाकीवर पसरले. ते मधोमध झोळ पडून पाण्याला टेकले आणि दिव्याची वात तेल ओढते तसे पाणी ओढून सकाळपर्यंत फरशी ओली करून गेले. मग मुलाने ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी आणली. तिची खालची बाजू वाफेने सतत ओली आणि वरची कोरडी राहिली. काही दिवसांत ती वाकली व कडेला फट पडली. दुकानात लोखंडी जाळीचा तुकडा पडून होता. पण लोखंड गंजते, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा तांब्याच्या जाळीवरून ठिबकणारे पाणी माशांना अपायकारक ठरू शकते. प्लायवूड फुगणार, हे तर दुकानातल्या फळ्यांनी आधीच शिकवले होते.

तेव्हा आजोबांनी झाकण कशासाठी हवे, याचाच नीट विचार केला. मासा उगाच उडी मारीत नाही. पाणी बिघडले, त्यातला प्राणवायू कमी झाला, दुसरा मासा पाठीस लागला किंवा अंधारात एकाएकी दिवा लागला, की तो उसळतो. म्हणून पाणी चांगले राखणे हे पहिले झाकण. दुसरे असे, की टाकीवरच्या दिव्याकडे पावसाळी किडे झेपावतात आणि पाण्यात पडतात. तेव्हा आतल्यांना बाहेर पडू न देणे आणि बाहेरच्यांना आत पडू न देणे, ही दोन्ही कामे त्याच झाकणाने करायची. तिसरे म्हणजे वारा खेळता हवा. गुरामी तर पाण्याच्या पृष्ठावर येऊन हवेचाही श्वास घेते; तिला हवाबंद झाकण कसे चालेल?

चौथी गोष्ट या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. एवढ्या टाकीची पातळी एक सेंटीमीटर उतरली, की जवळजवळ दोन लिटर पाणी उडून गेलेले असते. क्षार मात्र मागेच राहतात. त्यात बोअरचे जड पाणी भरत गेले, की क्षार वाढतच जातात. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आजोबा विसरले नव्हते. बीडची १६व्या शतकातील खजाना विहीर त्यांनी नातवाला दाखवली होती. तिचे पाणी जमिनीखालच्या मार्गांनी, उन्हाची नजर न लागता पुढे जाते. पाणी झाकून ठेवण्याचे शहाणपण या मातीला नवे नाही.

अखेर स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्या कारागिराकडे काम गेले. टाकीच्या पुढच्या दोन भागांवर चार मिलिमीटरची, कडा घासलेली काच. ती किंचित उतरती, म्हणजे साचलेले थेंब आतच परततील. मागच्या एका भागावर ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेली मच्छरदाणीची नायलॉन जाळी. खाणे टाकण्यासाठी काचेचा एक तुकडा सरकणारा. हवेची नळी व वायर जाते त्या कोपऱ्यात स्पंजचा तुकडा, कारण डॅनिओला बोटभर फटही पुरते. वायरला बटणाच्या खाली झोळ ठेवला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न पोहोचता खालीच ठिबकेल. पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवले, म्हणजे उसळलेला मासा काचेवर आदळणार नाही.

झाकण बसले त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले, “याने बंध सुटला असे समजू नकोस. बंध आहेच. आपल्या हाती आता आहे ती यतना.” नातवाला ‘यतना’ शब्द पाठशाळेत भेटला होता, जपून चालावे, जपून बोलावे, जपून ठेवावे, एवढे त्याला ठाऊक होते. त्या शब्दाला काच, जाळी आणि स्पंजही लागतो, हे त्याला त्या दिवशी कळले.

आता त्या घरात दिवेलागणीला टाकीवरचा दिवा मालवतात. निजण्यापूर्वी आजींची फेरी होते: माठ, घागर, बादली. चौथ्या ठिकाणी त्या स्वतः जात नाहीत. नातू जातो, काच पुढे सरकवतो, कोपऱ्यातला स्पंज बोटाने दाबून पाहतो आणि मासे मोजतो. दोन गुरामी, पाच डॅनिओ. मोजून झाल्यावर तो आजीला आकडा सांगतो, आणि मगच घरातले दिवे मालवले जातात.