सरळ रेषेतलं नागपूर

नकाशात मुंबई आणि नागपूर या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून एक रेघ मारा. ही रेघ प्रत्यक्षात सुमारे ६८५ किलोमीटरची असते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने विमान गेलं तर किती वेळ लागेल? चौथीच्या वर्गात मी हे गणित घातलं होतं. मुलांनी भागाकार केला आणि ओरडली, "बाई, ५१ मिनिटं!" मीही फळ्यावर मोठ्ठं 'बरोबर' लिहिलं.

मग एका रात्री नागपूरहून फोन आला. आईचं दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ऑपरेशन होतं. संध्याकाळची रेल्वे केव्हाच निघून गेली होती. लोहमार्गाने तर अंतर ८३७ किलोमीटर! कारण रेल्वे काही पट्टी ठेवून जात नाही. ती कसारा घाट चढते, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी गावं घेत रात्रभर धावते. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्गसुद्धा ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. त्यावर प्रवासाची वेळ होती दीड तास. मनात आलं, माझं गणित चुकलं की काय?

पहाटे पाचला कल्याणचं घर सोडलं. लोकल, मग रिक्षा. विमानतळावर पोचायला सात वाजले. सामानाची तपासणी, रांगा, वाट पाहणं. साडेआठला विमान हललं, पण उडेचना! धावपट्टीपर्यंत ते बैलगाडीसारखं चाललं. उडालं तेही पश्चिमेला, थेट समुद्रावर! नागपूर तर पूर्वेला. मग मोठं वळण घेऊन ते मागे फिरलं. चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. ताशी ८०० चा वेग मिळतो तो फक्त मधल्या टप्प्यात. आमच्या भागाकारात या गोष्टी कुठे होत्या?

दहाला नागपूरला उतरले आणि अकराला दवाखान्यात पोचले. घरापासून तिथपर्यंत सहा तास लागले. आईने डोळे उघडले. "एवढ्या लवकर कशी पोचली वं तू?" तिचा हात हातात घेतला तेव्हा बाराला एक तास बाकी होता. तो एक तास मला विमानानेच दिला. ऑपरेशन नीट झालं. आता आई घरी आहे आणि फोनवर मलाच रागवते!

शाळेत परतल्यावर मी फळ्यावरचं 'बरोबर' पुसलं नाही. भागाकार बरोबरच होता, माझा प्रश्न अपुरा होता.

आता तुम्ही एक करा. तुमच्या गावापासून मामाच्या गावापर्यंत नकाशावर आधी पट्टीने अंतर मोजा, मग रस्त्याच्या वळणावळणाने दोरा ठेवून मोजा. शेवटी घरच्यांना विचारा, "दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो?" तिन्ही उत्तरं वहीत लिहा. बघा, केवढा फरक पडतो ते!