एकाच गावात सात वर्षं

जगबुडीचं पाणी चढायला लागलं की खेडच्या बाजारपेठेतला आवाज कमी होतो. गिऱ्हाईक आपसूक पांगतं, खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर जातो आणि जो तो आपापल्या उंबऱ्यात उभा राहून रस्त्याच्या टोकाकडे बघत राहतो. पाच मीटरला इशारा, सात मीटरला धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. नदीचं असं नाव कसं, म्हणून बाहेरचा माणूस थबकतो. आम्हाला ते नाव वेगळं ऐकूच येत नाही, आईचं नाव वेगळं ऐकू येत नाही तसं.

२०११ च्या पावसाळ्यात मी असाच उंबऱ्यात उभा असायचो. मुंबईतलं शिक्षण आटपून वडिलांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसायला परत आलो होतो. बरोबरीचे सगळे पुण्या-मुंबईला चिकटले होते. गावात राहिलेल्या मुलाकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेची मला सवय व्हायची होती. गणपतीला चुलतभाऊ आला, त्याने पिशवीतून ‘ड्रॅगन एज २’ ची डीव्हीडी काढून हातात ठेवली आणि म्हणाला, “पहिला भाग तुला आवडला होता ना, मग हा नाही आवडायचा. सगळा खेळ एकाच गावात आहे.”

मी तो खेळलो तो या वाक्यामुळे.

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने या मालिकेचा पहिला भाग नोव्हेंबर २००९ मध्ये आणला होता. आपण एक पात्र निवडायचं, त्याचं कूळ ठरवायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या निर्णयांची किंमत मोजायची, अशा जातीचा हा खेळ. पहिल्या भागात सुरुवातीच्याच सहा वेगवेगळ्या वाटा होत्या. राजघराण्यातला बुटका व्हा, जंगलातला एल्फ व्हा, मनोऱ्यात कोंडलेला जादूगार व्हा. मग सगळा देश पालथा घालायचा, फौजा जमवायच्या आणि शेवटी पाताळातून वर आलेल्या महाराक्षसाला मारायचं. ती मोठी, भरभक्कम, जुन्या चालीची कथा होती आणि लोकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केलं. पुढचा भाग मार्च २०११ मध्ये आला. मध्ये जेमतेम सोळा महिने. एवढ्या मोठ्या खेळाला ते फार थोडे, आणि ती घाई त्याच्या अंगाखांद्यावर दिसते. तेव्हापासून या मालिकेवर प्रेम करणाऱ्यांत दोन तट आहेत. नंतर ‘इन्क्विझिशन’ आला, ‘व्हेलगार्ड’ आला, त्यांच्यावरही भांडणं झाली, पण दुसऱ्या भागाचं नाव निघालं की आजही माणसं आवाज चढवतात.

मी त्याच्या बाजूने बोलणारा आहे. पण त्याचे दोष झाकून मला त्याच्या बाजूने बोलायचं नाही.

गोष्ट हॉक नावाच्या घराची आहे, आणि आपण खेळतो तो हॉक त्याच घरातला. राक्षसांच्या लाटेपुढे गाव सोडून एक आई आपल्या मुलांना घेऊन पळते. वाटेतच एक मूल जातं. समुद्र ओलांडून कर्कवॉल नावाच्या शहराच्या धक्क्यावर ती उरलेली माणसं उतरतात, तर दारातच त्यांना अडवलं जातं, आत जागा नाही म्हणून. शहरात आईचं माहेरचं वाडावजा घर आहे, या आशेवर ते आलेले असतात. मामा भेटतो आणि सांगतो की घर राहिलं नाही, ते त्याने कर्जात आणि जुगारात घालवलं. आत शिरण्यासाठी वर्षभर कुणाची तरी चाकरी करावी लागते, आणि मग मामाच्या कोंदट खोलीत सगळ्यांनी दाटीवाटीने राहायचं.

खेड तालुक्यातल्या ज्या घरातून कुणी मुंबईला गेलं नाही असं घर शोधावं लागेल. माझे वडील सतराव्या वर्षी लालबागला गावकीच्या खोलीत राहिले होते. एका खोलीत गावची वीस-पंचवीस माणसं, पाळ्यांनी निजायची. ट्रंक ठेवायला जेवढी जागा तेवढा माणसाचा हक्क. त्या खोलीबद्दल ते क्वचितच बोलत. हॉकचा मामा पडद्यावर कुरकुर करत होता आणि मला वडिलांची ती पत्र्याची ट्रंक आठवत होती, आमच्या माळ्यावर अजून असलेली. जग वाचवायला निघालेला नायक मी पुष्कळदा झालो होतो. डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून राबणारा नायक पहिल्यांदाच होत होतो.

आणि मग हा हॉक जागचा हलत नाही. सात वर्षं. मध्ये तीन-तीन वर्षांच्या उड्या आहेत, पण शहर तेच. वरची श्रीमंतांची पेठ, खालची गरिबांची वस्ती, तिच्याही खाली गटाराशेजारचा अंधार, धक्का, आणि पाण्यापलीकडे गुलामांच्या जुन्या कैदखान्यात वसवलेला जादूगारांचा तुरुंग. पहिल्या भागातले सोबती रात्री शेकोटीभोवती आपली वाट बघत बसलेले असायचे. इथे प्रत्येकाला आपलं घर आहे, आपला धंदा आहे. ॲव्हेलिन शहराच्या पहारेकऱ्यांची प्रमुख होते आणि तिला भेटायला तिच्या कचेरीत जावं लागतं. अँडर्स खालच्या अंधारात दवाखाना चालवतो. व्हॅरिक खानावळीच्या वरच्या खोलीत राहतो. तुम्ही नसतानाही त्यांचं चालू असतं. मला हे इतकं खरं वाटलं, कारण गावात माणसं अशीच भेटतात, त्यांच्या ओटीवर गेल्याशिवाय भेटत नाहीत.

या सोबत्यांशी जमतं किंवा बिनसतं. बहुतेक खेळांत बिनसलं की माणूस सोडून जातो. इथे मैत्रीच्या टोकाला जसा एक पक्का बंध आहे, तसाच वैराच्या टोकालाही आहे. तुमच्या प्रत्येक निर्णयाला विरोध करणारा माणूस तुमच्या शेजारी उभा राहून लढतो, कारण तो तुम्हाला ओळखतो. आमच्या भावकीत बांधावरून एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं आहेत. शिमग्याला पालखी निघाली की दोघांचे खांदे एकाच दांड्याखाली असतात. हे खेळ रचणाऱ्यांना एडमंटनमध्ये बसून कसं उमगलं असेल, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

आता ती गुहा.

‘ड्रॅगन एज २’ चं नाव काढलं की लोक पहिल्यांदा त्या गुहेबद्दल बोलतात. डोंगरातली गुहा, समुद्रकाठची गुहा, चोरट्यांची गुहा, सगळ्या एकच आहेत. तोच उतार, तेच वळण, तोच दगडी चौक. फक्त कधी हे दार बंद, कधी ते. गोदामही एकच आणि वाडाही एकच. त्यावर कडी म्हणजे कोपऱ्यातल्या नकाशात सगळी गुहा दिसते आणि प्रत्यक्षात अर्धी वाट शिळा लावून बुजवलेली. आई मागे तांदूळ निवडत बसायची. एकदा तिने मान वर करून विचारलं, “काल इथेच आला होतास ना रे?” मी म्हटलं, नाही, ही दुसरी. ती काही बोलली नाही. पडद्यावर तोच दगड होता.

पुष्कळ दिवस मी या दोषाची वकिली करत होतो. आमच्याकडचं नमन बघा, म्हणायचो. देवळापुढची एकच सहाण. गण होतो, गवळण होते तेव्हा ती गोकुळ असते. पुढे वगात तीच कंसाची मथुरा, तीच अरण्य, तोच राजवाडा. गावातला कुणी शेतकरी कृष्ण होतो, संकासुर काळा झगा घालून घुंगरं वाजवत येतो, आणि पहाटेपर्यंत कुणाच्या मनात येत नाही की जागा तीच आहे. मग गुहेनेच काय बिघडवलं?

नंतर कळलं की ही तुलना मीच मोडायला हवी. सहाणेवर काहीच नसतं, म्हणून तिथे सगळं मावतं. मृदंगावर थाप पडते, ही मथुरा म्हणून सांगितलं जातं, आणि मथुरा आपण बांधतो. पडद्यावरच्या गुहेत प्रत्येक खडा आधीच कोरून ठेवलेला. डोळ्यांना कामच उरत नाही. ते फक्त ओळखतात. आणि खेळातली लढाई तर सांगण्यासारखीही नाही. शत्रू मारले की छपरांवरून, मोकळ्या हवेतून आणखी टपकतात आणि आखलेला डाव फुकट जातो. ती घाई आहे आणि तिला दुसरं नाव देऊ नये.

पण गुहेपेक्षा मोठा दोष मला वेगळाच वाटतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सात वर्षांत ते शहर म्हातारं होत नाही. तीन वर्षं गेली असं सांगतात, आणि व्यापारी त्याच कोपऱ्यात तसाच उभा असतो. भिंतीला पोपडा नाही, झाडाला नवी फांदी नाही. एका गावात राहणं म्हणजे तीच वाट पुन्हा पुन्हा चालणं, हे त्या खेळाला कळलं होतं. पण ती वाट प्रत्येक वेळी तीच नसते, हे दाखवायला त्याला वेळ मिळाला नाही. आमच्या खेडमध्येही खडकात कोरलेली लहानशी बौद्ध लेणी आहेत. मी तिथे असंख्य वेळा गेलो असेन. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळची आणि वडील गेले त्यानंतरच्या आठवड्यातली, ही माझ्यापुरती दोन वेगळी लेणी आहेत. एक गळती जागा, वटवाघळांचा वास, दगडावरचं शेवाळ कधी ओलं तर कधी वाळून करडं पडलेलं. हॉकच्या गुहेला एवढंसं दिलं असतं, दुसऱ्या खेपेला छतातून थोडं पाणी गळू दिलं असतं, तर तोच दोष त्या खेळाचं बळ झाला असता.

बळ होतं ते दुसरीकडे. सगळी गोष्ट व्हॅरिक सांगतो आहे, चौकशीला बसवलेला, समोर कॅसॅन्ड्रा नावाची कडक अधिकारी. सुरुवातीलाच तो हॉकला एका फटक्यात राक्षस उडवणारा वीर करून टाकतो. ती त्याला थांबवते, खरं सांग म्हणते. मग तीच माणसं पुन्हा दिसतात, दमलेली, घाबरलेली. कंदिलाच्या उजेडात गोष्टी ऐकलेल्या कुणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. सांगणारा वाढवून सांगतो ते खोटं बोलायचं म्हणून नाही. ज्याच्यावर जीव होता त्याला तो पुन्हा एकदा मोठं झालेलं बघत असतो.

शेवटाबद्दल मी भांडणार नाही. जादूगार आणि त्यांचे पहारेकरी यांतली एक बाजू घ्यायची असते, आणि कोणतीही घेतली तरी दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांशी लढावं लागतं. पहारेकऱ्यांची मेरेडिथ शेवटी वेडावते, ते पटतं. जादूगारांचा ऑर्सिनो, त्याच्यासाठी तुम्ही जीव धोक्यात घातलेला असतानाही, ऐनवेळी अभद्र रूप घेऊन तुमच्यावरच उलटतो. ते पटत नाही, आणि तिथे खेळाने आपल्याला दिलेला शब्द मोडला असं मला आजही वाटतं.

पण मधल्या अंकात एक रात्र आहे. तोवर हॉकने आईचं माहेरचं घर परत मिळवलेलं असतं. ती पुन्हा चांगले कपडे घालू लागलेली असते. शहरातून बायका नाहीशा होत असतात, नाहीशा होण्याआधी त्यांच्याकडे पांढरी लिलीची फुलं आलेली असतात. एके दिवशी ती फुलं हॉकच्या घरी येतात. मी घरी पोचलो तेव्हा फुलं होती, आई नव्हती. रक्ताच्या थेंबांमागे मी रात्रभर त्या ओळखीच्या गल्ल्यांतून धावलो, आणि पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. ती मुलाच्या मांडीवर जाते. पुढे मी जुना टप्पा उघडून वेगळं बोलून बघितलं, वेगळ्या सोबत्यांना नेऊन बघितलं. काही केलं तरी ती वाचत नाही. खेळणाऱ्याच्या हातात सगळं असावं म्हणून बनवलेल्या खेळात, रचणाऱ्यांनी ही एक गोष्ट आमच्या हातात ठेवली नाही. पुष्कळांना त्याचा राग आला. मला त्या रात्री वीज गेली तेव्हा बरं वाटलं होतं.

२२ जुलै २०२१ ला जगबुडी बाजारपेठेत शिरली. आम्ही वरच्या फळीवर माल चढवला होता. पाणी त्या फळीच्याही वर गेलं. दुकानामागच्या खोलीतला संगणक चिखलात बुडाला, आणि त्याच्यात दहा वर्षं जपलेला माझा हॉक होता. वह्यांचे गठ्ठे फुगून लाकडासारखे झाले होते. आठवडाभर आम्ही फावड्याने चिखल काढत होतो. भिंतीवर पाण्याची रेघ राहिली, माझ्या खांद्याच्या उंचीला. दोनदा चुना दिला, ती अजून ओल धरते.

त्या वर्षी थंडीत एक जुना संगणक घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. धक्क्यावरची दाटी, मामाची खोली, गुहा, पुन्हा तीच गुहा. मधल्या अंकाशी आलो. या वेळी घरात शिरल्यावर मी कामांची यादी उघडली नाही. दिवाणखान्यात जाऊन हॉकच्या आईपुढे उभा राहिलो आणि तिच्याशी जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोलत राहिलो.

आई चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवता ठेवता पडद्याकडे बघत थांबली.

“ही कोण रे?”

“त्याची आई.”

“बरी आहे ना?”

“हो,” मी म्हटलं, “आत्ता बरी आहे.”