पणती उलटून बघणारी बाई

नवरात्र संपलं की आमच्या मुलांच्या कार्यशाळेत पाय ठेवायला जागा नसते. धारावीच्या कुंभारवाड्यातून पणत्यांची पोती येऊन पडलेली असतात. त्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, वाळवायच्या, काठाला पॉलिश पेपर मारायचा, मग रंग. वितळलेलं मेण फक्त शिक्षिका ओततात. मधेच परतीचा पाऊस आला की सगळ्यांची पळापळ.

माझ्या लेकाला डाऊन सिंड्रोम आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळतं. पुढे काय, हा घोर आईबापांचा. मुंबईत 1991 साली डॉ. राधिके खन्ना यांच्या ‘ओम क्रिएशन्स’ने अशा मुलांच्या हाताला काम आणि कामाचा मोबदला दिला, तेव्हा आमच्यासारख्यांना वाट दिसली. उपनगरातल्या आमच्या छोट्या कार्यशाळेचीही तीच धडपड.

लेकाकडे पॅकिंग आहे. मोजणं त्याला जमत नाही, म्हणून ताईंनी पुठ्ठ्यावर बारा गोल आखून दिलेत. गोलागोलात पणती ठेवायची, सगळे भरले की त्या डब्यात घालायच्या. डबा कधी कमी भरत नाही की जास्त. ठेवण्याआधी तो प्रत्येक पणतीच्या काठावरून अंगठा फिरवतो आणि खरखरीत लागली तर बाजूला काढतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या आवारात आमचं टेबल होतं. लोक चांगले असतात. “किती गुणी मुलं!” म्हणत पाचशेची नोट ठेवतात, “राहू द्या हो” म्हणून डबा न घेताच निघतात. मग माझा लेक डबा घेऊन त्यांच्यामागे गेटपर्यंत धावतो. पैसे दिले आणि वस्तू नेली नाही, हे त्याला पटतच नाही. मलाही पटत नाही. महिनाभर खपून केलेली वस्तू आहे ती.

संध्याकाळी एक बाई आल्या. डबा उघडला, पणती उलटून पाहिली, मेणाच्या कडेला नख लावलं. “बाळा, हे मेण सुटलंय बघ. दुसरा दे.” लेकाने दुसरा डबा उघडला, त्यातल्या एकेका पणतीवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तोही तपासला. असे तीन डबे घेतले, पूर्ण पैसे मोजले आणि जाताना मला म्हणाल्या, “ताई, पुढच्या वर्षी जरा खोलगट ठेवा. बाल्कनीतल्या वाऱ्याला या टिकत नाहीत.”

त्या बाजारात कुठल्याही दुकानदाराशी बोलल्या असत्या तशाच माझ्या मुलाशी बोलल्या. त्यांना मिठी मारावीशी वाटली मला.

त्यांची तक्रार मी शिक्षिकांच्या कानावर घातली. गार पणतीत मेण ओतलं की ते आकसून कडेने सुटतं, म्हणून यंदा पणत्या आधी उन्हात तापवून घेणार आहोत. खोलगट पणत्यांची ऑर्डर गणपतीतच कुंभारवाड्यात देऊन आले.