३ + ४ आणि ४ + ३

सातारा ते पुणे म्हणजे जेमतेम ११० किलोमीटर. २०२३च्या दिवाळीनंतर बाबांना घेऊन येत होतो, तर तेवढ्यात त्यांनी तीनदा गाडी थांबवायला लावली. वेळे, शिरवळ, खेड शिवापूर. एकदा चहा, एकदा पाय मोकळे करायला, आणि एकदा म्हणे आईने कंदी पेढे डिकीत नीट ठेवलेत का ते बघायचंय! बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेत. उभा जन्म 'गाडी मध्ये कुठेही थांबणार नाही' असं लोकांना ठणकावून सांगितलेला माणूस.

रात्री आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "अरे, रात्रीतून पाच-पाच वेळा उठतात. दोन वर्षं झाली. तुला सांगू नको म्हणालेत."

दोन वर्षं! आमच्याकडे बीपी, शुगर, गुडघे यांच्यावर चहाबरोबर चर्चा होते. पण लघवी हा शब्द काही बाबांच्या तोंडून निघत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" बाबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे. शेवटी बाबाच म्हणाले, "तू जरा बाहेर थांब."

रक्ताचा पीएसए आला ११.६. साधारण ४च्या आत असावा म्हणतात. पण हा आकडा नुसती ग्रंथी वाढली किंवा इन्फेक्शन झालं तरी वाढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर अलार्म वाजलाय, बग सापडलेला नाही. (हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी गूगल करत रात्रभर जागा होतो.) मग पुन्हा रक्त, एमआरआय, आणि शेवटी बायोप्सी.

रिपोर्टवर लिहिलं होतं: ग्लीसन ४+३=७. मी वाचून गेलो होतो की ७ म्हणजे मधलं. तसं म्हणालो तर डॉक्टर म्हणाले, "हो, पण ३+४ असतं तर जास्त बरं झालं असतं."

बेरीज उलटी केली तरी उत्तर तेच येतं, हे आपण दुसरीत शिकलो. इथे नाही. १९६६ साली डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने ही पद्धत मांडली. पेशींची जी ठेवण सगळ्यात जास्त दिसते तिचा आकडा आधी, दुसरीचा नंतर. आधी ४ म्हणजे जास्त बिघडलेल्याच पेशी जास्त. वीस वर्षं कोड लिहितोय, पण क्रमाने इतकी भीती कधी वाटली नव्हती.

आणखी एक गंमत (?) म्हणजे रात्री उठायला लावणारा त्रास कॅन्सरचा नव्हताच. तो नुसत्या वाढलेल्या ग्रंथीचा. कॅन्सर मागच्या बाजूला गपचूप बसला होता, तिथे तो सुरुवातीला सहसा काहीच जाणवू देत नाही. बाबांना ज्याची लाज वाटत होती, त्याच्यामुळेच तो सापडला. मग दोन वर्षं आधी आलो असतो तर ३+४ मिळालं असतं का? हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. बाबांनीही नाही.

पेट स्कॅनमध्ये बाहेर कुठे पसरलेला दिसला नाही. बाबा म्हणाले, कापाकापी नको. मग सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं आणि २० दिवस रेडिएशन ठरलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून तेच बंद करायचं. परिणामी बाबांना भर जानेवारीत घाम फुटायचा, अंगातून वाफा निघायच्या. आई पंखा लावून देत म्हणाली, "मला व्हायचं तेव्हा म्हणत होतात ना, काहीतरीच तुझं?" बाबा गप्प.

रेडिएशनची तऱ्हा वेगळीच. त्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे आतडं आणि बाकीचा भाग माऱ्यातून बाजूला राहतो. म्हणजे ज्याला अर्धा तास धरवत नाही, त्याने बाटलीभर पाणी पिऊन नंबर येईपर्यंत बसायचं! बाहेर बाकावर असे सहा-सात आजोबा, हातात बाटल्या. मशीन एक दिवस उशिरा सुरू झालं तेव्हा तर हलकल्लोळ. पण तिथे मात्र बाबांची जीभ सुटली. दुसऱ्या आठवड्यात सिस्टरला लांबूनच ओरडून सांगत होते, "माझी टाकी फुल आहे हो, आधी मला घ्या!" मी चकित होऊन बघत राहिलो.

इंजेक्शनं थांबून आता बरेच महिने झाले. इंजेक्शन चालू असताना पीएसए खाली असणारच, खरी परीक्षा नंतरची. सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ने वर गेला तर पुन्हा धावपळ. मागच्या वेळी ०.३ होता. बाबा तो दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहितात.

वडिलांना असला की मुलाचा धोका साधारण दुप्पट धरतात. मी ४६चा. गेल्या रविवारी बाबांनी फोनवर सरळ विचारलं, "लघवीचं कसं आहे तुझं? तपासून घेतलंस का?" मी म्हणालो, "बाबा, मीटिंग आहे, नंतर बोलतो." रविवारी कसली मीटिंग, हे त्यांनी विचारलं नाही.

लॅबवाला उद्या सकाळी सातला येतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.